बायलरचं नाक

सकाळचे सात वाजून गेले तरी लाईट आली नाही, तेव्हा भागूने पदर खोचला आणि मागच्या स्वयंपाकघराचं दार उघडलं.

घरात साठ-सत्तर माणूस होतं. उद्या नारायणगावच्या कार्यालयात समृद्धीचं लग्न, आज घरी हळद. अमृतने, नवरीच्या बापाने आणि भागूच्या पाठच्या भावाने, गेल्या दिवाळीत घरामागे जुन्या न्हाणीच्या जागी फरशीची नवी न्हाणी बांधून घेतली होती, तिच्यात गिझर होता. पण भारनियमनवाले लग्नपत्रिका बघून वेळा ठरवत नव्हते. फेब्रुवारी असूनही खोडदच्या शिवारात कडाक्याचा गारठा होता. धुक्यामुळे शेतांपलीकडच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या छत्र्या अजून अर्ध्याच दिसत होत्या. मांडवात पाव्हणे टॉवेल खांद्यावर टाकून ताटकळले होते आणि नवरीमुलगी आंघोळीवाचून बसली होती.

"आत्या, गॅसवर पातेलं ठेवू का?" समृद्धीने विचारलं.

"पातेल्यानं कितीजण न्हाणार गं? आजाचा बायलर हाय न्हवं घरात. तू न्हाणीत जा, जुन्या पितळी नळाखाली बादली लाव. अर्ध्या तासात कढत पाणी येतंय बघ."

ते सांगताना भागूच्या आवाजात एक ठसका होता, आणि तो भावजयीच्या कानावर पडावा असंही तिला वाटत होतं. तळेघरला दिल्यापासून गेली तीस वर्षं ती माहेरी पाव्हणी म्हणूनच येत होती. पण बायलर तिचा होता. सावळाराम, तिचे वडील, मुंबईच्या गिरणीत बायलर सांभाळायचे. सरकारी परीक्षेचा दाखला त्यांच्याकडे होता. नोकरी सोडून गावी आले त्या वर्षी त्यांनी जुन्नरच्या कमरुद्दीनकडून जाड पत्र्याची टाकी करून घेतली आणि चुलीमागच्या भिंतीत बसवली. चुलीचा जाळ टाकीच्या पोटाला लागायचा. गच्चीवरच्या लहान हौदातून एक नळी तिच्यात गार पाणी आणायची, दुसरी तापलेलं पाणी न्हाणीत न्यायची. आणि तिसरी, बारीक, टाकीच्या डोक्यातून निघून थेट गच्चीच्या वर जायची आणि तिथे काठीच्या मुठीसारखी खाली वळायची. तिचं तोंड कायम उघडं.

"हे बायलरचं नाक," सावळाराम तेव्हा सतरा वर्षांच्या भागूला म्हणाले होते. "नाक मोकळं तर बायलर गरीब गाय. नाक बंद तर बॉम्ब. पेटवायच्या आधी वर जायचं, हौदात पाणी बघायचं, नळीच्या तोंडावर हात धरून बघायचा. मगच काडी."

आज चुलीपुढचा कांद्याच्या पोत्यांचा ढीग आचाऱ्याच्या माणसांनी कालच हलवला होता. चूल मोकळी होती. भागूने बाभळीची लांब लाकडं रचली. सावळाराम काठी टेकत दारात आले. पंच्याहत्तरी ओलांडलेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पण लाकडाच्या आवाजावरून त्यांनी ओळखलं.

"पेटवतीस?"

"व्हय आबा."

"वर जाऊन आलीस?"

भागूने मघाशी अंगणातून मान वर करून पाहिलं होतं. गच्चीवर काळी प्लास्टिकची मोठी टाकी होती, म्हणजे पाणी असणारच. लोखंडी शिडी दवाने ओली होती, तिचे गुडघे दुखत होते, आणि न्हाणीत पोरगी कुडकुडत होती.

"व्हय. पाणी हाय," ती म्हणाली.

सावळाराम क्षणभर तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "पेटव."

आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की भागूला गुडघ्यांचा विसर पडला.

जाळ लागला. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. भिंतीपलीकडून समृद्धीचा आवाज आला, "आत्या, नळ पुरा उघडलाय. थेंब येत न्हाई!"

"तापू दे की!"

पण तिने हातातलं लाकूड खाली ठेवलं. तापलेलं असो नसो, नळाला पाणी तरी यायला हवं. तेवढ्यात भिंतीतून आवाज आला. टक्. कोणीतरी आतून बोटाच्या पेराने ठोकावं तसा. मग पुन्हा, टक्, टक्.

*

अंबाबाई, समृद्धीची आई, मांडवाच्या तोंडाशी हळदीची वाटी घेऊन उभी होती. सुवासिनी कोण कोण, कोणाच्या हाती आंब्याची पानं द्यायची, हे ती अमृतच्या मावशीला सांगत होती. बोलता बोलता तिची नजर घराच्या मागच्या अंगाला गेली. धुराड्यातून धूर निघत होता.

वाटी हातातून सुटली, तिकडे तिने पाहिलंही नाही. ती धावली.

चार महिने ती त्या चुलीवर पहारा देत होती. न्हाणीचं काम चाललं तेव्हा गच्चीत पाणी मुरू नये म्हणून गवंड्याने जुना हौद काढला, बारीक नळी स्लॅबच्या बरोबरीने कापली आणि टाकीपाशी तिन्ही नळ्यांना लोखंडी बुचं मारून टाकली. पाणी आत तसंच. जाताना म्हणाला, "वैनी, ही चूल आता पेटवायची न्हाई बरं का." सासऱ्यांना काय सांगायचं? सासूबाईंच्या मागे त्या माणसाकडे अभिमानाचं एवढंच उरलं होतं. "मामा, तुमच्या बायलरला हात लावला न्हाई," असं तिने सांगितलं, आणि त्या खोट्यावर कांद्याची पोती रचली. लग्न उरकलं की सांगू, असं ती रोज ठरवत होती.

ती स्वयंपाकघरात शिरली तेव्हा भागू चुलीपाशी ओणवी होती.

"कुणी पेटवली?"

"मी. का? माझ्या बापाची चूल हाय."

"वन्सं, इझवा! तिचं नाक कापलंय. तिन्ही तोंडं बुजवलीत, आन् आत पाणी हाय!"

भागूने वर भिंतीकडे पाहिलं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि भिंतीत पुन्हा ठोका पडला. या वेळी मोठा.

"पोरगी न्हाणीत हाय," भागू म्हणाली. न्हाणीची आणि टाकीची भिंत एकच होती.

अंबाबाई मागच्या दाराने बाहेर पडली. भागूने कोपऱ्यातली पाण्याची घागर उचलली आणि चुलीकडे वळली.

"पाणी टाकू नगंस!"

दारात सावळाराम होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. हा आवाज भागूने कधी ऐकला नव्हता. तीन बायलर एकदम चालू असताना या टोकाची हाक त्या टोकाला पोचवणाऱ्या माणसाचा तो आवाज होता.

"गार पाणी तापल्या पत्र्यावर पडलं तर फाटंल. घागर ठेव खाली. अमृत! भरत! घरातलं समदं माणूस भाईर काढा! मांडवात न्हाई, पार खळ्यावर! सामान कुणी घेऊ नका!"

मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "किती वेळ झाला?"

"वीस मिंटं. जास्त न्हाई."

"जाळ?"

"मधला."

ते पुढे सरकले. भागूने त्यांना हाताने अडवलं. "तुमाला दिसत न्हाई, आबा."

सावळारामांनी ओठ घट्ट मिटले. पन्नास वर्षांत त्यांना बायलरपुढून कोणी मागे सारलं नव्हतं. पण वाद घालायला वेळ नव्हता, आणि ती खरं बोलत होती.

"मग ऐक. बाजूला उभी ऱ्हा, समूर नगं. लाकडं भाईरच्या शेंड्याला धरून एकेक वढ. परसात फेक. वढलीस? आता दुसरं. घाई नगं. निखाऱ्यावर राखेचं घमेलं पालथं कर. पुरं पालथं कर. बुचाला हात लावायचा न्हाई, कायबी ऐकू आलं तरी. झालं? माझा हात धर, आन् चल."

"तुमी आधी व्हा की भाईर!"

"बायलरवाला शेवटी जातो," ते म्हणाले, आणि ती दारातून बाहेर पडेपर्यंत त्यांनी पाय उचलला नाही.

न्हाणीकडून अंबाबाई आणि समृद्धी येत होत्या. नवरी मोठ्या टॉवेलात आणि आईच्या लुगड्याच्या पदरात गुंडाळलेली, पायात चप्पल नाही. चौघंही खळ्याकडे चालू लागली. मागे घर उभं होतं, सगळी दारं उघडी, आत एकही माणूस नाही.

*

भरतला खळ्यावर सगळ्यात आधी जे वाटलं ते त्याला आयुष्यभर आठवत राहणार होतं. पुतणीची काळजी नंतर आली. आधी मनात आलं, की आता वैनी माझं नाव घेणार.

तो अमृतचा धाकटा भाऊ. चिंचवडला कंपनीत होता, बोलण्यात वजन होतं. न्हाणीच्या कामाला सुट्टी टाकून तोच उभा राहिला होता. बुचं मारायला त्यानेच सांगितलं होतं. गवंडी म्हणाला होता, "टाकी फोडून काढू का? दोन दिवस लागतील." तेव्हा भरत म्हणाला होता, "कशाला? बूच मार नि मोकळा हो." आणि वैनीला म्हणाला होता, "आबांना कशाला सांगायचं? उगं मनाला लावून घेतील."

खळ्यावर माणसं कोंडाळं करून उभी होती. अमृत बायकोसमोर आला. शांत माणूस, पण आज आवाज चढला होता.

"अंबे, तू ठाव असून बोलली न्हाईस? चार म्हयनं? आपली पोरगी भिंतीला टेकून बसली व्हती."

"चुकलं माझं," अंबाबाई म्हणाली.

"आन् आबांना खोटं सांगितलंस?"

"व्हय. सांगितलं."

ती एवढंच बोलली. दिराकडे तिने नजरसुद्धा टाकली नाही. मावशी कोणाच्या तरी कानात म्हणाली, "सुनंला सासऱ्याची वस्तू खुपत व्हती." भागू ऐकत होती. कालपर्यंत हेच वाक्य तिने स्वतः म्हटलं असतं.

"मावशे, गप," भागू म्हणाली. "ती धावत आली म्हून आपण हितं उभं हाय."

भरतला ते सहन झालं नाही.

"दादा," तो म्हणाला, "बुचं मी मारायला लावली. वैनीला गप बस म्हनलो ते मी. गवंड्यानं टाकी काढू का इचारलं, तर मीच नगं म्हनलो."

अमृत त्याच्याकडे बघत राहिला. मग भरत एकदम म्हणाला, "मीच आत जातो. पान्हा हाय गाडीत. वरचं बूच सैल केलं की वाफ निघून जाईल, काम खलास."

"आन् तुझं तोंड?" सावळाराम म्हणाले.

त्यांच्यासाठी कोणीतरी मांडवातली खुर्ची आणली होती. ती त्यांनी खळ्याच्या आणि घराच्या मधोमध, वाटेवर ठेवायला लावली आणि घराकडे पाठ करून माणसांकडे तोंड करून बसले. म्हणजे त्यांना ओलांडल्याशिवाय कोणाला घरात जाता येणार नव्हतं.

"बंद भांड्यातलं पाणी शंभराच्या वर तापलेलं असतं. बूच सुटलं की बरंच पाणी एका दमात वाफ व्हतं. माझ्याबरूबरीचा एकजण असाच गेला, अनुभव वीस वर्षांचा. जाळ काढलाय. आता ते आपापलं निवंल. आज कुणी मागच्या अंगाला फिरकायचं न्हाई. दुपारनं फुडल्या दारानं एकेकानं जायाचं, पोरीचं सामान आणायचं. मागली खोली आन् न्हाणी आयतवारपतुर बंद."

"पण आबा, हळद?" अमृत म्हणाला. "मुहूर्त साडेनऊचा."

"हळद खळ्यावर लावा. खळं काय कमी पवित्र हाय?"

आणि माणसं कामाला लागली. शेजारच्या भिकाकडून तांब्याचा बंब आला, त्याच्या बायकोने स्वतःचं परस रिकामं करून दिलं. मांडवातल्या चार सतरंज्या उचलून खळ्यावर अंथरल्या. पाट सोपानच्या घरून, मुसळ आणखी कोणाकडून. अंबाबाईने हळद पुन्हा कालवली. अमृतने तिच्या हातात वाटी दिली तेव्हा तो हळूच म्हणाला, "मघा लई बोललो." ती म्हणाली, "बोलायलाच पायजेल व्हतं."

सुवासिनी पुढे आल्या. पहिला मान आत्याचा. भागूने समृद्धीच्या गालाला हळद लावली आणि मग, कोणी सांगितलेलं नसताना, उरलेल्या हळदीची बोटं अंबाबाईच्या गालावर ओढली. बायका हसल्या. धुकं निवळलं होतं. नवरीच्या अंगावर ऊन पडलं होतं.

दहाच्या सुमाराला जुन्नरहून कमरुद्दीन आणि त्याची बायको झुबेदा आहेराची पिशवी घेऊन आले. घर ओस आणि हळद खळ्यावर बघून कमरुद्दीन थेट खुर्चीपाशी गेला. सावळारामांनी त्याला चार वाक्यांत सांगितलं.

"माझ्या हातची टाकी," कमरुद्दीन म्हणाला. तो खाली, मातीतच बसला. "पत्र्याच्या जोडाची शिवण कसली हाय मला म्हाईत. टिकली म्हून बरं."

"टिकली खरी," सावळाराम म्हणाले. "पर आता किती दिस?"



*

लग्न नीट पार पडलं. वरात गेली, समृद्धी मंचरला सासरी पोचली. रविवारी सकाळी घरात फक्त घरची माणसं उरली होती, आणि भागू, जी परतीची एसटी सोडून थांबली होती.

कमरुद्दीन आठ वाजता हत्यारांची पेटी घेऊन आला. त्याने आधी चुलीच्या तोंडातून हात घालून टाकीच्या पोटाला तळवा लावला. मग सावळारामांचा हात धरून तिथे नेला.

"गार," सावळाराम म्हणाले. "तरीबी बाजूनंच खोल."

वरच्या बुचाला लांब दांड्याचा पान्हा लावून कमरुद्दीन भिंतीच्या आडोशाला उभा राहिला. बाकीच्यांना दाराबाहेर काढलं होतं. पाव फेरा. कुईं करून बारीक हवा सुटली, आणि थांबली. अजून पाव फेरा. काहीच नाही. त्याने बूच काढलं, मग खालचं काढलं. तांबूस, गंजकं पाणी घमेल्यात पडू लागलं. पाच घमेली झाली.

"एवढं पाणी व्हतं," आत येत अंबाबाई पुटपुटली.

अमृत खाली बसून टाकीकडे बघत होता. आईचा त्याला आठवणारा प्रत्येक हिवाळा या चुलीपुढे गेला होता. "आबा," तो म्हणाला, "नवीन नळी टाकू. गच्चीवर नाक पुन्हा काढू. कमरूचाचा करून देतील. तुमचा बायलर तुमाला चालू करून देतो."

भरतही लगेच म्हणाला, "खर्च माझा."

कमरुद्दीनने हातोडीने टाकीला वरपासून खालपर्यंत हलके हलके ठोकलं. वरती आवाज खणखणीत होता. जाळाच्या बाजूला, खाली, तो बसका झाला. "पत्रा पातळ झालाय हितं. ठिगळ मारता यील. गॅस वेल्डिंगनं जागच्या जागी न्हाई, टाकी भाईर काढून." त्याने सावळारामांकडे पाहिलं. "तू सांग. धरायची का सोडायची?"

सगळे सावळारामांकडे बघू लागले. ते चुलीपुढच्या पाटावर बसले होते, काठी मांडीवर आडवी.

"भागू," ते म्हणाले, "त्या दिशी तू वर गेली नव्हतीस."

दोन दिवस ती हेच सांगायची संधी शोधत होती, आणि दोन दिवस तिची जीभ उचलली नव्हती.

"न्हाई आबा. खालनंच बघितलं. खोटं बोलले."

"मला म्हाईत व्हतं."

"काय?"

"मला दिसत न्हाई, ऐकू येतं. लोखंडी शिडीवर पाय पडला की घरभर आवाज व्हतो. त्या सकाळी झाला न्हाई. मी दारातच उभा व्हतो." त्यांनी काठीवरून हात फिरवला. "परत इचारायला पायजे व्हतं. पर मला ती चूल पेटलेली पायजे व्हती. सुनंनं बायलरला हात लावला न्हाई म्हनलं, तवाबी मी दुसरा सवाल केला न्हाई. न्हाणी सगळी नवी झाली, आन् माझी नळी तेवढी जुनी ऱ्हायली? पर मला तेच ऐकायचं व्हतं. दाखला माझ्या नावावर हाय. तुमी समद्यांनी मला बरं वाटावं म्हून खोटं सांगितलं, आन् मी बरं वाटावं म्हून ऐकलं. त्यात पोरगी जात व्हती."

अंबाबाईने डोळ्यांना पदर लावला. भागू तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली, खांद्याला खांदा लावून.

"गिरणीत दर वर्षी इन्स्पेक्टर यायचा," सावळाराम पुढे म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज मोकळा झाला होता. "ठोकून बघायचा. पसंत पडलं तर सही. न्हाई तर बाद. मालकानं कितीबी तोंड वाकडं केलं तरी बाद म्हंजी बाद. कमरू, ही बाद."

"आबा, ठिगळ..." अमृत म्हणाला.

"बाद. माझ्यामागं हिला सांभाळणारं कुणी न्हाई. न सांभाळता येणारी वस्तू घरात ठेवायची न्हाई. टाकी भिंतीत ऱ्हाऊ दे, भिंत फोडायचं कारण न्हाई. पर तिला भोकं पाड, म्हंजी उद्या कुणी अनोळखी माणसानं हितं जाळ केला तरी तिच्यात ना पाणी साठलं पायजे, ना वाफ."

लाईट दहाला आली. कमरुद्दीनने ड्रिल लावलं. पहिलं भोक अगदी तळाला, उरलंसुरलं पाणी गळून जाईल असं. दुसरं डोक्याला. आणि तिसरं चुलीच्या तोंडासमोर, अंगठा जाईल एवढं मोठं. "हे का रे?" भरतने विचारलं. "चुलीपुढं वाकलेल्या माणसाला दिसाया," कमरुद्दीन म्हणाला. ड्रिलखालून पत्र्याचे चकचकीत कीस गळत होते. सावळाराम प्रत्येक भोकात स्वतः बोट घालून बघत होते, कड आरपार आहे ना याची खात्री करून घेत. बुचं त्यांनी अमृतला विहिरीत टाकायला दिली. पुन्हा कोणाच्या हाती लागायला नकोत.

मग ते उठले. अंबाबाईला वाटलं, आता आत जाऊन पडतील. तिने सवयीने हात पुढे केला. पण सावळारामांनी टोपी मागितली.

"कुठं निघालात मामा?"

"भिकाकडं. मग सोपानच्या वस्तीवर. मग वरल्या आळीला अजून एक घर हाय." ते टोपी नीट करत होते. "आपलं बघून तवा समद्यांनी मागितले. मीच बसवून दिले, तिघांकडं. भिकाचं म्हाईत हाय, तो बंबच वापरतो. म्हंजी त्याच्या टाकीचं काय झालं कुणाला ठाव? घरोघर न्हाण्या नव्या झाल्या. घरोघर गवंडी तोच."

अमृतच्या हातातली बुचं खळकन वाजली. भरतने ड्रिलची वायर गुंडाळायला घेतली.

"आबा, मी गाडी काढतो," तो म्हणाला.

"काढ. कमरूला फुडं बसव." सावळाराम दाराशी पोचले होते. तिथे थांबून त्यांनी मागे, दोघी उभ्या होत्या त्या दिशेला, तोंड वळवलं. "अंबा, तू चुलीपाशी बसायचं, घरच्या बायांना खरं काय ते इचारायचं. तुला खोटं लगीच कळंल."

अंबाबाई ओल्या डोळ्यांनी हसली. "आन् वन्सं?"

"ती शिडीवर चढंल," सावळाराम म्हणाले. "दर घराला. मी खाली उभा ऱ्हाऊन पायऱ्या मोजणार हाय."

भागूने गुडघ्यावर हात आपटला, पदर खोचला, आणि सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसली.